आवाज न चढवता

"तिला काय विचारता, मला विचारा," असे आज बँकेच्या काउंटरवर एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले आणि स्वतःच्याच खात्याविषयी बोलू पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी गप्प झाल्या.

पासबुक त्या गृहस्थांच्या हातात होते. सही करण्यापूर्वी त्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेने मी अजून अस्वस्थ आहे.

हात उगारलेला आपल्याला लगेच ओळखू येतो, शिवीगाळही ओळखू येते. परंतु २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचारच मानले आहे. एका वाक्यावरून कोणाच्या संसाराचा निवाडा करू नये, हे मला मान्य आहे. तरीही रांगेतल्या आम्हां सर्वांना ते इतके नेहमीचे का वाटले?