बर्फातला ‘उंट’: वेसेक्स हेलिकॉप्टरचं मॉडेल करताना

रंग मागवण्याआधी तारीख ठरवावी लागली. मला करायचं होतं ब्रिटिश रॉयल नेव्हीचं वेसेक्स, तेही एकच ठरावीक: एक्सपी १४२, लाडकं नाव ‘हम्फ्री’, एचएमएस अँट्रिम या विनाशिकेवरचं. ते तीन दिवसांच्या अंतराने दोनदा गाजलं. ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात, २२ एप्रिल १९८२ला त्याने दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या हिमनदीवरून माणसं सोडवून आणली आणि २५ एप्रिलला अर्जेंटिनाच्या ‘सांता फे’ पाणबुडीवर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बाँब टाकले. माणसं आणायची तर केबिन रिकामी हवी, पाणबुडी मारायची तर कुशीला डेप्थ चार्ज हवेत. एका मॉडेलमध्ये दोन्ही जमत नाही.

निर्णय लांबणीवर टाकून मी नाकापासून सुरुवात केली. वेसेक्सचं नाक फुगीर, आणि वैमानिक बसतो पार वर, केबिनच्याही वरच्या मजल्यावर. मूळ अमेरिकन सिकॉर्स्की एस-५८ मध्ये नाकात भलंमोठं पिस्टन इंजिन होतं. येओव्हिलच्या वेस्टलँड कारखान्याने ते काढून तिथे नेपियर गॅझेल हे टर्बाइन बसवलं. ठेवण मात्र तीच राहिली: इंजिन नाकात आणि तिथून तिरका शाफ्ट वर रोटरच्या गिअरबॉक्सकडे. हे कळल्याशिवाय किटमधले नाकाचे तुकडे असे का कापलेत ते उमगत नाही. एक्झॉस्टही नीट बघून लावावे लागतात. गॅझेलवाल्या वेसेक्सला प्रत्येक बाजूला दोन-दोन धुराडी, तर दोन नोम इंजिनांच्या, सैनिक वाहणाऱ्या एचयू ५ प्रकाराला एकेकच, पण जाडजूड.

पुट्टी आणि पॉलिश पेपरचं सगळ्यात किचकट काम पाठीवरच्या उंचवट्यापाशी निघालं. एचएएस १ हा पाणबुडीविरोधी प्रकार १९६१ मध्ये नौदलात आला. पुढे त्यातल्या बऱ्याच हेलिकॉप्टरांना रडार आणि सुधारित उड्डाणयंत्रणा देऊन एचएएस ३ केलं गेलं, हम्फ्री त्यांतलंच. रडारचा घुमट रोटरच्या मागे पाठीवर बसल्यामुळे त्याला ‘कॅमल’, म्हणजे उंट म्हणू लागले. घुमटाची सांध बुजवायची, घासायची, प्रायमर मारायचा, की पुन्हा रेघ दिसते. ठाण्यात ऐन पावसाळ्यात हे चाललेलं, हवेत इतका दमटपणा की प्रायमर वाळायला एरवीच्या दुप्पट वेळ घेई. एअरब्रश बंद असायचा त्या संध्याकाळी मी वाचत बसे, आणि तारखेचा गुंता तिथेच सुटला.

२१ एप्रिलला हम्फ्री आणि टाइडस्प्रिंग जहाजावरची दोन एचयू ५ अशा तीन वेसेक्सनी एसएएस या ब्रिटिश विशेष दलाची तुकडी फॉर्च्युना हिमनदीवर उतरवली. रात्रभर वादळाने झोडपल्यावर दुसऱ्या दिवशी तुकडीने परत न्यायला सांगितलं. वर-खाली सगळं पांढरं झालं की क्षितिज दिसत नाही, जमीन किती खाली आहे तेही कळत नाही. एक एचयू ५ उडता उडताच कोसळलं. उरलेल्या दोघांनी त्यातली माणसं वाटून घेतली. हम्फ्रीच्या मागोमाग निघालेलं दुसरंही एका कड्यावर आदळलं. दोन्ही हेलिकॉप्टरं गेली, पण माणूस एकही गेला नाही. हम्फ्री अँट्रिमवर उतरलं, रिकामं झालं, पुन्हा वर गेलं आणि क्षमतेबाहेर भरून, १७ जणांना घेऊन परतलं. वैमानिक होते लेफ्टनंट कमांडर इयान स्टॅन्ले. त्यांना डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला.

हे सगळं शौर्याच्या खात्यात टाकून लोक मोकळे होतात. मला मात्र पाठीवरचा तो घुमट घासताना दुसरंच जाणवलं. एचएएस ३ची रडार, डॉप्लर (खालच्या पृष्ठभागावरून जाण्याचा वेग मोजणारं यंत्र) आणि स्वयंचलित उड्डाणयंत्रणा पाणबुड्या शोधण्यासाठी होती. रात्री, काळ्याकुट्ट समुद्रावर, खाली सोनार (आवाजाने पाणबुडी शोधणारं यंत्र) सोडून एका जागी तरंगत राहता यावं म्हणून. तीच पांढऱ्या अंधारात कामी आली. एचयू ५ माणसं वाहण्यासाठीच बनलेलं, पण त्याच्याकडे ही सोय नव्हती. त्याला हम्फ्रीच्या शेपटाकडे बघत यावं लागलं. म्हणून २२ एप्रिल. सोनारचं सामान सैनिक बसवायला आधीच काढलेलं होतं, त्यामुळे किटमधला तो सगळा संच मी बाजूला ठेवला आणि उजवीकडचं सरकतं दार उघडं चिकटवलं.

आपल्या नौदलाने वेसेक्स कधी घेतलं नाही. १९७१ मध्ये आपल्याकडे आले ते येओव्हिलचेच, पण पुढच्या पिढीचे सी किंग. माझं मॉडेल बघून चारपैकी तीन जण मात्र ‘सी किंग का?’ असंच विचारतात.

रंग निळसर राखाडी, फारसा कठीण नाही. पाती तेवढी किटमध्ये पट्टीसारखी सरळ येतात. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने झुकलेली असतात, म्हणून गरम पाण्यात बुडवून हळूहळू वाकवली. खरा रोटर १७ मीटरचा, म्हणजे या १/४८ मापात ३५ सेंमीच्या वर, आणि माझ्या कपाटाचा कप्पा त्याहून अरुंद. अँट्रिमवरही जागेची बोंबच होती. हँगरचं दार बाजूला असल्यामुळे पाती दुमडून, हेलिकॉप्टर डेकच्या कडेने ढकलत नेऊन आत वळवावं लागे. मीही पाती न चिकटवता नुसती खोचून ठेवली आहेत. कोणी बघायला आलं की लावतो.