नर बरा की मादी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी काट्यावर मासा टाकताना मी या प्रश्नाला बगल देतो. "दादा, नर बरा की मादी?" लोक बोकड-शेळीचा हिशेब माशाला लावायला जातात. माशात तो जातीगणिक उलटतो.

माझ्या शेततळ्यात चिलापी आहे, म्हणजे तिलापिया. हिच्यात नर झपाट्याने वाढतो. मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं सुटी होईपर्यंत जवळजवळ उपाशीच राहते. थोड्या आठवड्यांनी पुन्हा तेच. खाद्य मी टाकायचं आणि ते जायचं अंड्यांत. पहिल्या वर्षी हे ठाऊक नव्हतं. स्वस्त मिळालं म्हणून मिश्र बीज सोडलं. चौथ्या महिन्यात काठाजवळचं पाणी काळपट दिसायला लागलं; वाकून बघतो तर पिल्लांचे थवे. मला वाटलं, फुकटात बीज मिळालं! जाळं ओढलं तेव्हा मासे खंडीभर, पण तळहाताएवढे. व्यापाऱ्याने भाव सांगितला तेव्हा मी मान वर केली नाही.

तेव्हापासून नुसतं नराचं बीज आणतो. पिल्लू खायला लागतं तेव्हा त्याच्या पोटात वृषण होणार की अंडाशय, हे पक्कं झालेलं नसतं. हॅचरीवाले त्याच दिवसांत, 21 ते 28 दिवस, किलोमागे 60 मिलिग्रॅम मिथाइल टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, मिसळलेलं खाद्य देतात; मग जवळजवळ सगळी पिल्लं नरच होतात. माझ्याकडे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, येते तोवर तो खुराक थांबलेला असतो आणि मासा विकायला पुढे पाच-सहा महिने जातात. हार्मोन नकोच असेल तर हाताने निवडायचं: पोटाखाली नराला दोन छिद्रं, मादीला तीन. मी एकदा दुपारभर केलं. डोळ्यांना पाणी आलं, आणि चार माद्या नजरेतून सुटल्या तरी मुसळ केरातच.

सिप्रनसमध्ये, म्हणजे कॉमन कार्प माशात, सगळं उलट, तिथे मादीच दांडगी. पण पिकलेल्या मादीच्या वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा गाबोळीचा, म्हणजे पोटातल्या अंड्यांचा, असू शकतो. गाबोळीचे भोक्ते खूश होतात. बाकीचे घरी जाऊन म्हणतात, दोन किलो घेतला, तुकडे एवढेच?

चवीचं म्हणाल, तर गाबोळी भरताना अंगातली चरबी आणि प्रथिनं तिकडे जातात, मांस पाणचट होतं. पैदाशीच्या दिवसांत नरही खंगतो. म्हणून मी आषाढात पोट फुगलेली रोहू विकत घेत नाही. पण गाबोळी धरण्याआधीचे नर-मादी तळून शेजारी ठेवलेत, तर मलाही सांगता येणार नाही कोणता कोण. तरीही "नराचं मांस घट्ट" असं छातीठोक सांगणारे भेटतात. मी वाद घालत नाही, गिऱ्हाईक आहे.

पेणकडचे पाहुणे जेवायला आले होते. त्यांच्या घरामागच्या तळ्यात जिताडा असतो. त्यांनीही तोच प्रश्न काढला. म्हटलं, जिताडा आधी नर असतो, मग काही वर्षांनी त्याचीच मादी होते. तुम्ही किलो-दीड किलोचा काढता, तो मादी व्हायच्या आधीच. पाहुणे जेवायचे थांबले. मग म्हणाले, "आणि बाजारात तो दहा किलोचा येतो, तो?"

"ती," मी म्हटलं.