आधी सिलिंडरवरची तारीख बघा

रविवारी सकाळी लेकीला घेऊन शूटिंगच्या, म्हणजे नेमबाजीच्या, सामानाच्या प्रदर्शनाला गेलो होतो, कोल्हापुरात राजारामपुरीत एका हॉलमध्ये दोन दिवस होतं. वाटलं होतं तासाभरात बाहेर पडू, निघेपर्यंत दोन वाजले आणि भूक लागलीय हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. एअर रायफली, पिस्तुलं, जॅकेटं, ब्लाइंडर (नेम धरताना दुसऱ्या डोळ्यापुढं लावायची पट्टी), छर्र्यांचे डबे, आणि सगळ्यात जास्त गर्दी सेकंडहँडच्या टेबलाला. निम्मे तर आमच्यासारखे आईबापच. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला गोल्ड आणलं, तेव्हापासून कोल्हापूरला हा नाद आहेच, पण १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं आणि गल्लीगल्लीतली पोरं रेंजवर यायला लागली. स्वप्नीलचा इव्हेंट पॉइंट टू टूचा, म्हणजे काडतुसाच्या रायफलीचा, त्याला लायसन्स लागतं. इथं होतं ते सगळं हवेवर चालणारं, साडेचार मिलिमीटर बोअरचं आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीचं, म्हणजे लायसन्सची भानगड नाही, पण ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतल्याशिवाय कोण हातात देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

माझी लेक दहा मीटर एअर पिस्तूल मारते, अजून क्लबच्याच पिस्तुलावर. नवं मॅच पिस्तूल दीड-दोन लाखांचं, ते आत्ता तरी जमणारं नाही. त्यामुळं सेकंडहँडच्या टेबलावर स्टायर कंपनीचं एलपी १० हे मॅच पिस्तूल दिसलं, ६०,००० रुपये, तेव्हा छाती धडधडायला लागली राव. लाकडी ग्रिप आधीच्या शूटरच्या घामानं काळपट पडलेली, अंगठ्याच्या खाली पुटी भरून तासून त्यानं स्वतःच्या हाताचा खड्डा केलेला. किती वर्षं मारलं असेल त्यानं! ट्रिगर फार हलका नाही ना ते बघायला त्याला ५०० ग्रॅमचं वजन लावलं, अलगद उचललं, ट्रिगर सुटला नाही. बॅरल स्वच्छ. मी मनात पैसे मोजायला लागलो होतो.

मग लेकीनं बॅरलखालचा हवेचा सिलिंडर फिरवला आणि म्हणाली, "पप्पा, ह्याच्यावर २०१४ आहे."

या सिलिंडरात २०० बार दाबानं हवा भरतात, त्याचं आयुष्य कंपनी दहा वर्षं धरते आणि ते संपलं की मॅचला चालत नाही, जबाबदारी शूटरची. दहा वर्षं जुना सिलिंडर पोरीच्या तोंडापुढं धरायला द्यायचा? नाही बा. विकणारे काका म्हणाले, "अजून गळत नाही हो," पण प्रश्न गळण्याचा नाहीच, तारखेचा आहे ना. नवा सिलिंडर घ्यायचा म्हटला तर खर्च वाढतो, वर ती डावखुरी, ग्रिप उजव्या हाताची, म्हणजे तीपण नवी. हिशोब मांडला आणि ठेवलं खाली. ठेवताना जीवावर आलं, खरं सांगतो. काकांनी तारीख आधीच सांगायला पाहिजे होती, टेबलाला पोरांचे आईबाप उभे असताना एवढं तरी करायलाच पाहिजे.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र दिवस कामी आला. बऱ्याच जणांना वाटतं छर्रा म्हणजे छर्रा, तसं नाही. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक, आणि प्रत्येक बॅरलला वेगळा साइज मानवतो. फिनाले मॅच नावाच्या गोळ्यांचे तिन्ही साइजचे एकेक डबे घेतले, ५०० नगांचे. मग एक डबा उघडून तळहातावर दहा-बारा गोळ्या घेतल्या, उजेडाकडं करून मागची कड बघितली, शिशाची कड इतकी पातळ असते की डबा पडला तरी वाकते, आणि वाकलेली गोळी दहाच्या ऐवजी आठला जाऊ शकते. एका गोळीची कड वाकडी निघाली, टेबलावरच्या पोरानं लगेच दुसरा डबा दिला. घरी आल्यावर हात साबणानं धुवायला लावले, शिसं आहे ते.

मंगळवारी दुधाळीच्या रेंजवर कोचनी क्लबचं पिस्तूल शिकंज्यात अडकवून तिन्ही साइज मारून बघितले, प्रत्येकी दहा-दहा. ४.४९ ची भोकं पसरली, ४.५१ ठीक, आणि ४.५० च्या दहाही गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या, कागदावर चिंचोक्याएवढंच काळं. लेक ते कार्ड घेऊन उभीच राहिली. आता त्याच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी बनलेले, अजून सहा डबे मिळतायत का म्हणून फोन केलाय, कारण लॉट बदलला की पुन्हा टेस्ट. डावखुरी ग्रिप असलेलं पिस्तूल कुणाकडं असेल तर बघून ठेव म्हणून रेंजवरच्या पोरांनापण सांगितलंय, तारीख विचारूनच.