आईला घेऊन स्वालबार्डची छोट्या जहाजाची सफर – माझा अनुभव

सगळ्यात आधी व्हिसाचं सांगते, कारण आमची ट्रिप तिथेच बुडणार होती. स्वालबार्ड म्हणजे उत्तर ध्रुवाजवळचा नॉर्वेचा बेटसमूह. तिथे जायला व्हिसा लागत नाही असं सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते खरंच आहे, १९२० चा करार आहे त्याचा, पण तिथे पोचायचं तर ऑस्लोहून विमान पकडायचं, म्हणजे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) आलाच. आणि खरी मेख पुढे आहे. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही, त्यामुळे तिकडे जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि येताना परत आत शिरता, म्हणजे डबल एंट्री हवी. आमच्या एजंटने फॉर्मवर सिंगल टाकलं होतं. विचारलं तर म्हणाला मॅडम नॉर्वे एकच देश आहे ना. सबमिट करायच्या आदल्या रात्री मी फॉर्म परत एकदा वाचायला घेतला म्हणून लक्षात आलं, नाहीतर स्वालबार्डहून परत येताना ऑस्लोच्या काउंटरवर आम्ही दोघी अडकलो असतो.

आई ६६ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात. पण तिला पक्ष्यांचं वेड आहे, अगदी तारीख, वेळ, जागा लिहून ठेवायची वही आहे तिची, आणि तिला आल्केफिएलेटचा कडा बघायचा होता. स्वालबार्डच्या ईशान्येला हिनलोपन नावाची सामुद्रधुनी आहे, तिथे हा उभा काळा कडा सरळ समुद्रात उतरतो आणि उन्हाळ्यात त्यावर गिलेमॉट पक्ष्यांच्या साठ हजारांच्या आसपास जोड्या असतात. तिथे पोचायचा रस्ता समुद्रातूनच, आणि जवळून बघायचं तर जहाजातून छोट्या रबरी बोटीत उतरायचं, ज्याला सगळे झोडियाक म्हणतात. म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबला आईच्या गुडघ्यांवर.

बुकिंगनंतर जहाजवाल्यांनी मेडिकल फॉर्म पाठवला, त्यात डॉक्टरची सही लागते, आणि इमर्जन्सीत तिथून हलवायचा खर्च भरून देणारा इन्शुरन्स सक्तीचा होता. हे उगाच नाही हं. लाँगइयरब्येनला, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावात, हॉस्पिटल आहे पण छोटं, मोठं काही झालं तर पेशंटला विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवर ट्रोम्सोला नेतात, आणि आपण तर त्या लाँगइयरब्येनपासूनही एकदोन दिवसांच्या अंतरावर असणार. आमच्या डॉक्टरांनी सही करायच्या आधी आईला अडीच महिने जिना चढ-उतार आणि हात न टेकता खुर्चीतून उठायचा व्यायाम दिला. तिने एक दिवस चुकवला नाही.

आम्ही २०२५ च्या जुलैअखेर गेलो. लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. आईने पहिल्या दिवशी दोनदा घड्याळ बघितलं आणि म्हणाली अगं इथे दिवेलागण होतच नाही की. जुनं कोळशाच्या खाणींचं गाव, हॉटेलात शिरताना बूट बाहेर काढायचे ही पद्धत खाणकामगारांच्या काळापासूनची, कोळशाची काजळी घरात येऊ नये म्हणून, आणि ती अजून पाळतात.

जहाजावर चढल्यावर दोन गोष्टी आधी झाल्या. एक म्हणजे ड्रिल, सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जमायचं. दुसरी म्हणजे कपड्यांची तपासणी, आणि ही मला फार महत्त्वाची वाटली. बाहेर घालायचे सगळे कपडे, बॅगा, कॅमेऱ्याचे पट्टे घेऊन खाली जायचं, तिथे व्हॅक्यूम क्लीनर ठेवलेले, आणि वेल्क्रोच्या पट्टीत अडकलेली गवताची कुसळं, बिया चिमट्याने एकेक काढायच्या. माझ्या जॅकेटच्या मनगटाच्या वेल्क्रोत तीन निघाल्या, कुठल्या ट्रेकच्या ते देव जाणे. तिथल्या जमिनीवर बाहेरचं बी रुजायला नको म्हणून हे. बूट तर प्रत्येक वेळी उतरायच्या आधी आणि आल्यावर जंतुनाशकात घासायचे, आणि बर्ड फ्लूमुळे किनाऱ्यावर खाली बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगसुद्धा जमिनीवर ठेवायची नाही. हे ऐकून आईचा चेहरा उतरला, कारण दमलं की बसायचं हाच तिचा प्लॅन होता. तिने गाईडला विचारलं, त्याने तिला दोन काठ्या दिल्या आणि सांगितलं की दमलात तर नुसतं उभं राहा, आम्ही थांबू, सगळ्यात हळू चालणारा ग्रुप वेगळाच असतो.

पहिलं उतरणं रद्द झालं. धुकं होतं. मला आधी कळेना धुक्याने काय होतंय, पण प्रश्न पोलर बेअरचा असतो. आधी गाईड लोक बंदुका आणि फ्लेअर गन (अस्वलाला घाबरवून पळवायला उजेड-आवाज करणारी) घेऊन किनाऱ्यावर जातात, टेकडीवर चढून चारी बाजूला दुर्बिणीने बघतात, जागोजाग पहारा लावतात आणि मग आपल्याला बोलावतात. धुक्यात दूरचं दिसत नाही म्हणजे कोणी उतरायचं नाही, विषय संपला. आमच्या गाईडने स्पष्ट सांगितलं की बंदूक चालवायची वेळ आली तर ते आमचं अपयश. अस्वल १९७३ पासून संरक्षित आहे आणि १ जानेवारी २०२५ पासून तर नियम अजून कडक झालेत, अस्वलापासून कमीत कमी ३०० मीटर लांब राहायचं, मार्च ते जून ५०० मीटर, आणि संरक्षित भागात ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच उतरता येतं. आम्हाला एक अस्वल दिसलं ते दुर्बिणीतून, बर्फावर पिवळसर ठिपका, मग तो ठिपका उठून चालायला लागला. काही लोक जवळ जाता येत नाही म्हणून कुरकुरत होते. मला नियम पटला, त्या प्राण्याने आमच्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही आणि तसंच असायला हवं.

झोडियाकमध्ये उतरायचं कसं ते नीट लिहिते कारण मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. जहाजाच्या बाजूला शिडी असते, खाली बोट लाटेवर वरखाली होत असते. हाताचा पंजा द्यायचा नाही, मनगटाच्या वर पकडायचं, आपण बोटीतल्या गाईडचा हात धरायचा आणि त्याने आपला, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. दोन्ही हात मोकळे हवेत, बॅग पाठीवर. मग एक पाय फुगलेल्या कडेवर, एक आत, आणि लगेच बसून सरकायचं. आणि घाई करायची नाही, बोट वर येईपर्यंत थांबायचं, गाईड "आता" म्हणाला की पाऊल टाकायचं. आई पहिल्या वेळी शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबली ती थांबलीच. मागे रांग. मी मागून बोलणार होते पण गाईडने मला खूण करून गप्प केलं, आणि तिच्याकडे बघत नुसता हात पुढे धरून उभा राहिला. चार लाटा गेल्या. पाचव्या लाटेला तिने स्वतःहून पाऊल टाकलं. किनाऱ्यावर उतरताना उलटं, कडेवर बसल्या बसल्या पाय बाहेर फिरवायचे आणि लाट मागे गेली की घोटाभर पाण्यात उभं राहायचं, त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट जहाजावरच मिळतात.

वाटेत नी-ऑलेसुंड हे संशोधकांचं छोटं गाव लागलं, तिथे भारताचं हिमाद्री हे संशोधन स्टेशन आहे, २००८ पासून. जवळ यायच्या आधीच फोनचं वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद करायला लावतात कारण तिथे रेडिओ दुर्बिणी आहेत, त्यांच्या मोजमापात आपला फोन ढवळाढवळ करतो. छोटं लाकडी घर, आपल्या देशाचं नाव. आम्ही दोघी बराच वेळ काही न बोलता त्याच्यासमोर उभ्या होतो.

हिनलोपनचं मात्र शेवटपर्यंत नक्की नव्हतं. रोज रात्री जेवणाआधी मीटिंग व्हायची, गाईड बर्फाचा नकाशा आणि वाऱ्याचा अंदाज दाखवायचे आणि उद्याचं सांगायचे, आणि सकाळी तेही बदलायचं. एक दिवस उघड्या समुद्रात जहाज इतकं हललं की आई दिवसभर आडवी, गोळी उशिरा घेतली ही चूक, ती मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. दुसऱ्या दिवशी वारा म्हणून हिनलोपन रद्द, त्याऐवजी मोनाको हिमनदी. तिथे पाण्यात तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांमधून बोट थांबवली, इंजिन बंद केलं, आणि चारी बाजूंनी तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज. जुनी दाबलेली हवा बर्फ वितळताना फुटून बाहेर पडते त्याचा. सुंदर होतं, पण आई गप्प होती.

मग पाचव्या दिवशी पहाटे साडेचारला स्पीकरवर आवाज आला, वारा पडलाय, आल्केफिएलेटसमोर आलोय, ज्यांना यायचं त्यांनी तयार व्हा. आई माझ्याआधी बूट घालून दारात.

आवाज आणि वास आधी येतो, कडा नंतर. शंभरेक मीटरची काळी भिंत, प्रत्येक कपारीत काळेपांढरे पक्षी खांद्याला खांदा लावून, घरटं नाहीच, नुसता दगड. बोट अगदी हळू चालत होती. आणि तेव्हा गाईडने वर बोट दाखवलं. एक पिल्लू, तीनेक आठवड्यांचं, उडता येत नाही, कपारीच्या टोकाशी पुढेमागे करत होतं, खाली बाप पाण्यात बसून ओरडत होता. मग त्याने उडी मारली, एवढेसे पंख फडफडवत, आणि आमच्यापासून दहाएक मीटरवर पाण्यात पडलं. बाप पोहत त्याच्याकडे आला. पुढचे काही आठवडे तोच त्याला समुद्रात सांभाळतो म्हणे. आईने माझं मनगट धरलं होतं, तीच पकड, आणि अर्धा तास सोडलं नाही.

परतताना ऑस्लोच्या काउंटरवर अधिकाऱ्याने आईच्या पासपोर्टची पानं मागे उलटली, पहिला शिक्का शोधला, एंट्री बघितल्या आणि दुसरा शिक्का मारला. पुढच्या विमानात ती वही काढून बसली. एकूण सतरा नावं. प्रत्येकापुढे किती दिसले तो आकडा, आर्क्टिक टर्न चाळीस, पफिन सहा. गिलेमॉटसमोर तारीख आणि वेळ लिहिली आणि आकड्याची जागा तिने मोकळी ठेवली.