आज हेराल्ड रस्त्यावर आली

आज सकाळी साडेसहाला जळगावहून पद्मालयापर्यंत हेराल्ड चालवली. माझी हेराल्ड! आठवीत असताना अमळनेरला एका वकिलांच्या अंगणात ही दोन दारांची गाडी पाहिली, तेव्हापासून डोक्यातून गेलीच नव्हती.

इटलीच्या मिकेलॉट्टींनी रेखलेली ही ट्रायम्फची गाडी आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं बनवली. हिचीच चासी आखूड करून पुढे १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. दोन खटके सोडले की मडगार्डांसकट अख्खं नाक पुढे उलटतं आणि इंजिन पूर्ण मोकळं. आणि वळते किती! २५ फुटांच्या वर्तुळात, गल्लीतसुद्धा.

मला मिळाली तेव्हा चोपड्याजवळ एका केळीच्या मळ्यात, शेडखाली उभी होती. तळाचा पत्रा सडलेला, सीटमध्ये उंदरांची घरं. भुसावळच्या मिस्तरींनी चौदा महिने घेतले. सगळ्यात छळलं रेडिएटरनं. "मे महिन्यात इथं ४५ अंश असतं भाऊ, नवीन जाळी बसवल्याशिवाय गाडी सोडणार नाही," म्हणाले. मी घाई करत होतो, बरोबर तेच होते. आज काटा वर चढलाच नाही.

एरंडोलला चहाला थांबलो. एक बाबा टोपी सावरत जवळ आले, "हाई गाडी कोनी शे भाऊ?"

"मनी शे बाबा." एवढं बोलताना गळा दाटून आला.

घरी आल्यावर मायनं चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला कुंकू लावलं. मी अजून शेजारी खुर्ची टाकून बसलोय. इंजिन गार होताना टिकटिक करतंय.