बॅन्शीचं हाफ इंजिन, दोनदा

ॲरिझोनातल्या मेसामध्ये आमच्या गॅरेजात दोन स्पोर्ट क्वाड, म्हणजे वाळूत पळवायच्या चार चाकी बाइक, उभ्या असतात. माझी यामाहा बॅन्शी टू-स्ट्रोक, किकवर सुरू होणारी. बायकोची होंडा ४०० ईएक्स फोर-स्ट्रोक, बटण दाबलं की चालू. गेल्या दोन वर्षांत माझं इंजिन दोनदा उघडलं, तिचं एकदाही नाही. याचा उल्लेख घरात साधारण आठवड्यातून एकदा होतो.

बॅन्शी घेतली ती काकांच्या राजदूत ३५० मुळे. सांगलीत लहानपणी त्या गाडीच्या धुरात वाढलो. बॅन्शी अमेरिकेत १९८७ ते २००६ पर्यंत विकली जात होती. तिची माहिती वाचताना बोअर (सिलेंडरचा व्यास) ६४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५४ मिलिमीटर, दोन सिलेंडर, ३४७ सीसी असे आकडे दिसले आणि मी उडालोच. राजदूतचे आकडे हेच! राजदूत हवेवर थंड होणारी आणि ही पाण्यावर, पण खानदान एकच. मग बायकोला काय सांगणार? घेतली जुनी.

विकणारा म्हणाला, 'पिस्टन नवे आहेत.' हे वाक्य ऐकून आता मी सावध होतो, तेव्हा खूश झालो होतो. पहिल्या महिन्यातच कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत, टेकडी चढताना पाचव्या गिअरमध्ये मागची चाकं एकदम अडकली. क्लच दाबायचं भान राहिलं म्हणून वाचलो. इंजिन गार झाल्यावर किक खाली गेली, पण मलूल. घरी येऊन दोन्ही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कम्प्रेशन मोजलं. उजवीकडे १२० पीएसआय, डावीकडे ८५. हेड आणि सिलेंडर उचलले तर डाव्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटलेली. पिस्टनच्या डोक्यावर ०.५० असा शिक्का, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी सिलेंडर बोअर करून, आतून कापून मोठा करून, घेतलेलाच होता.

हाफ इंजिनचं, म्हणजे फक्त वरच्या सिलेंडर-पिस्टनचं, काम टू-स्ट्रोकवर खरोखर सोपं असतं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. पहिल्यांदा मला दोन शनिवार लागले, तेही बहुतेक व्हिडिओ पाहण्यात. लेथवाल्याकडे पिस्टन बरोबर घेऊन जायचे, कारण बोअर पिस्टनच्या मापानं करायचं असतं. एक सिलेंडर चांगला असला तरी दोन्ही एकाच मापाला न्यायचे. रिंग सिलेंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतली फट फिलर गेजनं बघायची. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. गजन पिनचे (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचे) सर्कल्प, म्हणजे ती अडकवणाऱ्या तारेच्या कड्या, जुने वापरायचे नाहीत, आणि ते बसवताना खाली क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं. माझा एक सर्कल्प टुणकन उडाला आणि त्या फडक्यावरच पडला. फडकं नसतं तर तो क्रँकमध्ये, आणि मी फुल इंजिनच्या, म्हणजे क्रँकसकट सगळं उघडायच्या, खर्चात.

लेथवाला म्हातारा गोरा गृहस्थ होता. सिलेंडर परत देताना त्यानं एकच प्रश्न विचारला, 'सीझ (जाम) का झालं?' मी म्हणालो, बहुधा ऑइल कमी पडलं असेल. त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं.

त्या नजरेला घाबरून मी मिश्रणात ऑइल वाढवलं. बॅन्शीला ऑइल पंप नाही, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. ३२ ला १ म्हणजे एका अमेरिकन गॅलनला ४ औंस. मी ६ टाकू लागलो. कार्बुरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक भोकातून) ऑइल जास्त जायला लागलं की पेट्रोल तेवढंच कमी जातं, मिश्रण उलट 'लीन' होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. तीन टाक्यांनंतर ६४.७५ चं नवं बोअरही गेलं. पुन्हा डावंच.

तेव्हा सांगलीच्या मिस्त्रीमामांना फोन लावला. काकांची राजदूत त्यांनीच सांभाळली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, 'रेस सोडल्यावर पटकन खाली बसती का लोंबत राहती?'

'लोंबते थोडी, मामा. मला वाटलं केबल जड असेल.'

'प्लगचा रंग?'

'उजवा चॉकलेटी. डावा पांढरा.'

'मग पिस्टन कशाला बदलत बसलायस? हवा खातीय गाडी. आधी भोक शोध.'

भोक शोधायची पद्धत ठरलेली आहे. एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, कार्बुरेटर काढून त्यांच्या रबरी बुटांत (कार्बुरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळ्यांत) बुचं घट्ट बसवायची, आणि इंजिनात ६ पीएसआय हवा भरून सहा मिनिटं काटा बघत बसायचं. नळकाम करणाऱ्यांच्या दुकानातली प्रसरण पावणारी बुचं चालतात. हवा भरायला मी आईच्या बीपी मशीनचा फुगा वापरला. गेज मात्र वेगळं लावावं लागलं, कारण ६ पीएसआय म्हणजे पाऱ्याचे ३१० मिलिमीटर, आणि मशीनचा काटा ३०० वरच संपतो. पिस्टन तात्पुरते बसवून, सगळं आवळून हवा भरली तर काटा डोळ्यांदेखत घसरला. साबणाचं पाणी ब्रशनं लावत गेलो. बेस पॅकिंग कोरडं, हेड कोरडं. मॅग्नेटच्या मागच्या क्रँक सीलपाशी हात थरथरला, कारण तिथे बुडबुडे आले असते तर इंजिन उतरवावं लागलं असतं. तिथेही काही नाही. शेवटी डाव्या कार्बुरेटरच्या रबरी बुटाच्या खालच्या अंगाला बारीक फेस आला. बूट हातानं वाकवला तेव्हाच भेग दिसली, एरवी मिटलेली. गाडी हादरली की ती उघडत होती आणि डाव्या सिलेंडरला फुकटची हवा पाजत होती. आधीच्या मालकानेही बहुधा याच भेगेपायी पिस्टन बदलले होते.

दोन्ही बूट नवे आणले. दोघांची किंमत मिळून एका पिस्टनपेक्षा कमी. बोअर ६५ वर गेलं.

आता बायकोच्या होंडाकडे येतो, कारण 'कधी उघडलीच नाही' याचा अर्थ 'कधी बिघडली नाही' असा कुणी घेऊ नये. ४०० ईएक्स ३९७ सीसी, एअर-कूल्ड आणि ड्राय संप. म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत असतं, आणि गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं काही खाली इंजिनात उतरतं. मी थंड इंजिनवर डिपस्टिक काढली, ती कोरडी दिसली, आणि वरून भरपूर ऑइल ओतलं. पुढच्या फेरीत ते ब्रीदरच्या नळीतून एअरबॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या डब्यात) जाऊन फिल्टर भिजला. इंजिन थोडं चालवून, गरम करून, मग बंद करून लगेच पातळी बघायची असते. पुस्तिकेत हे लिहिलं आहे, पण फोर-स्ट्रोकवाले पुस्तिका उघडत नाहीत, गाडी चालतेच ना!

वर्षभरानं ती गरम झाल्यावर सुरू होईना. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, बघितली तर इनटेकला ती जवळपास उरलीच नव्हती. थंड इंजिनवर इनटेक ०.१०, एक्झॉस्ट ०.१२ मिलिमीटर ठेवायची, ती स्क्रू आणि नटनं तासाभरात लागली. तसंच रेटलं असतं तर व्हॉल्व्ह जळून हेडचं काम निघालं असतं, आणि तो खर्च माझ्या दोन्ही हाफ इंजिनांच्या वर गेला असता. हे मी घरात सांगून पाहिलं. फरक पडला नाही.

फिल्टरच्या बाबतीत मात्र दोघी सारख्याच लाडावलेल्या. ग्लॅमिसहून आलो की दोन्ही फोम फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवायचे, वाळवायचे, फिल्टर ऑइल चोळून पिळायचे आणि कडेला ग्रीस लावून बसवायचे. ती वाळू पिठासारखी कुठेही शिरते.

नव्या बुटांवर बॅन्शी तीनदा गरम-थंड केली, मग हळूहळू रेटली. रेस सोडली की आता धाडकन खाली बसते. तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून मोठ्या अभिमानानं मामांना पाठवला. अर्ध्या तासानं उत्तर आलं.

'इंजिन बरं आहे. चेन ढिली आहे, ताण.'

खाली जाऊन बघितलं. होती.