पाचवा तुकडा

महिन्याची 20 तारीख आणि गुरुवार. म्हणजे जीएसटीआर-3बी हे जीएसटीचं मासिक रिटर्न भरायचा शेवटचा दिवस आणि दुरुस्तीसाठी लाईट बंद. हा योग पुण्यातल्या कुठल्याही सीएला विचारून बघा.

सहकारनगरचे एक सीए साडेअकराला आमच्या कर्वेनगरच्या ऑफिसात आले. हार्ड डिस्क आदल्या रात्री गेलेली, हातात नवा लॅपटॉप, खिशात पासफ्रेज लिहिलेला कागद. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप आमच्याकडे. खरं तर आमच्याकडे नाहीच, आणि तेच आम्ही विकतो. मध्यवर्ती सर्व्हर नाही. छोट्या ऑफिसांनी एकमेकांचे बॅकअप आपापल्या मशीनवर सांभाळायचे.

फाइल एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासफ्रेजशिवाय वाचता येणार नाही अशी करून, तिचे 10 तुकडे होतात, प्रत्येक फाइलच्या पाचव्या हिश्शाएवढा; त्यातले कुठलेही 5 मिळाले की फाइल उभी राहते. प्रत्येक मशीन 10 टक्के वेळ बंद असतं असं धरा. तीन पूर्ण प्रती ठेवल्या तर तिप्पट जागेत 99.9 टक्के वेळा फाइल मिळते. आमच्याकडे दुप्पट जागेत 99.985. प्रत्येक डेमोत हे गणित मी फार ऐटीत मांडायचो. प्रत्येक मशीन आपापल्या कारणाने बंद पडतं, हे त्यातलं गृहीतक मात्र पटकन बोलून पुढे जायचो. ऑगस्ट 2007 मध्ये विंडोजचे अपडेट घेऊन जगभरची मशिन्स जवळपास एकदम रीस्टार्ट झाली आणि तेव्हा मुख्यतः वापरणाऱ्यांच्याच मशीनवर चालणारा स्काइप दोन दिवस आडवा झाला, हे मला पाठ होतं. पाठ असून काय उपयोग!

स्क्रीनवर 4 तुकडे हिरवे, 6 गायब.

कारण कळायला दहा मिनिटं लागली. बॅकअप हळू चालतो म्हणून सेल्सवाल्यांनी डोकं खाल्लं होतं, तेव्हा सर्वांत कमी पिंगचे, म्हणजे सर्वांत पटकन उत्तर देणारे, शेजारी निवडायचं ठरलं. कमी पिंग म्हणजे एकाच केबलवाल्याचं नेट, आणि एकाच केबलवाल्याचं नेट म्हणजे साधारण एकच गल्ली. त्या गल्लीत लाईट नव्हती.

बरं, ती सहा ऑफिसं कुठली? माझ्याकडे फक्त 40 अक्षरी आयडी. कुठला आयडी कुणाचा, ही नोंद ठेवायची नाही, हा नियम मीच भांडून करून घेतलेला. सीए समोर बसून घड्याळ बघत होते. मी इतका चांगला नियम का केला, हे त्यांना समजावण्याची ती वेळ नव्हती.

शेवटी ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: लाईट नसेल पण इन्व्हर्टर असेल त्यांनी कृपया मशीन चालू करा. बहुतेकांचा इन्व्हर्टर पंखा-ट्यूबपुरता. बिबवेवाडीच्या एका काकांनी मात्र एक्स्टेन्शन बोर्ड ओढून मशीन लावलं. केबलवाल्याचा डबाही बंद, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट. पावणेदोनला पाचवा आयडी हिरवा झाला. हॉटस्पॉटमुळे थेट जोडणी होईना, रिलेमधून, म्हणजे मधल्या तिसऱ्या मशीनमार्गे, 240 एमबी यायला 25 मिनिटं गेली. रात्री दहाच्या आत सगळी रिटर्न्स भरून झाली.

मी ग्रुपवर आभार मानले. लगेच काकांचा मेसेज आला: "म्हणजे त्यांचा डेटा माझ्याकडे आहे तर!" तुकडा त्यांना वाचता येणार नाही हे खरं. पण कुणाचं काय कुठे आहे हे कुणालाच कळू नये म्हणून जे बांधलं, ते मी चाळीस लोकांसमोर स्वतःच उघडं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक सहकारी म्हणाला, प्रत्येकाचा पिनकोड हॅश करून, म्हणजे त्यावरून मूळ आकडा परत काढता येणार नाही अशी खूण करून, ठेवू, म्हणजे एका भागात सगळे तुकडे जाणार नाहीत. पुणे शहराचे बहुतेक पिनकोड 4110 ने सुरू होतात. उरले शेवटचे दोन आकडे. शंभर हॅश काढून बघायला कितीसा वेळ लागतो? चार वर्षांच्या अनुभवाच्या माणसाने हे सुचवावं!

सध्या पिंग बघणं बंद केलंय. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंतच्या ग्राहकांतून शेजारी चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतो. पत्ता कुणाचा लागत नाही, बॅकअप मात्र पुन्हा रखडतो. सेल्सवाल्यांना अजून सांगितलेलं नाही.